दोन बोटं पुढची गाठ

आंबागड,
१२ जुलै २०२४

सरिताताई,

जयभीम. माहेरी येऊन आज पाचवा दिवस. डॉक्टरांनी खाटेवरून उठायचंच नाही असं बजावलं आहे. आधी दोनदा काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे या वेळी माझं कोणी ऐकत नाही. आई तर मला कूस बदलतानाही विचारून बदलायला लावते. नोव्हेंबर फार लांब वाटतो.

मला काळजी सुगतची आहे. लाखांदूरच्या केंद्रात माझ्या जागी सध्या दुसरं कोणी नाही. म्हणजे मी कामावर येईपर्यंत दर गुरुवारी तुमच्याकडे कोणी येणार नाही. तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही दारातच म्हणाला होतात, "याचे हातपाय आखडलेले, मान ठरत नाही. याच्याकडे शाळा कायले आली?" मी म्हटलं होतं, सरकारने पाठवली, आत तरी येऊ द्या. आज तोच सुगत भिंतीला टेकून बसतो. आता भिंत सोडायची आहे. रोज सकाळी मालिश, मग पायांचा व्यायाम, मग पाठीमागे गोधडीची घडी लावून भिंतीपासून वीतभर पुढे बसवा आणि आकडे मोजा. किती मोजेपर्यंत बसला ते मला कळवा, मी त्याच्या नोंदवहीत लिहीन.

जूनची मापं घेतलेल्या तिन्ही सुतळ्या दाराच्या खुंटीला आहेत. पाठीची, मांडीची, पायाची. तुमच्या सासऱ्यांना त्यावर मिरच्या बांधू देऊ नका.

तुमचा मोबाईल धानाच्या रोवणीत शेतातल्या बांधीच्या चिखलात पडला असं जीवनभाऊंनी नागपूरहून सांगितलं. असू दे. मी वहीत चिठ्ठी लिहून ठेवायचे आणि तुम्ही कामावरून येऊन उत्तर लिहायच्या, तसंच समजा. फक्त आता मधे पोस्टमन तेजराम आहे.

तुमची,
टीना


चिचटोली, ता. लाखांदूर
२८ जुलै २०२४

टीना मॅडम,

जयभीम. सुगत चाळीसपर्यंत बसला. खरे चाळीस सांगते, कारण मोजायचं काम बाबांनी आपल्याकडे घेतलं आहे आणि माझे सासरे मोजणीत फार लबाड. पोरगा डुलायला लागला की ते पंचविसावरून एकदम पस्तीसवर जातात. मी हटकलं तर म्हणाले, "माह्या नातवाच्या मोजणीत तू पडू नको, बाई." म्हणून मी पदराआड बोटांवर वेगळी मोजते. माझ्या बोटांवर चाळीस झाले. बाबांचे सत्तर.

गुरुवारी अकराची एसटी वाजली की तो अजून दाराकडे मान वळवतो. "टी, टी" करतो. मी सांगते, टी मॅडम बाळ आणायला गेल्या. त्याला काय कळतं कोण जाणे, पण हसतो.

पाऊस थांबत नाही. घरात ओल आहे, त्याला थोडा खोकला आहे. तेल-ओवा लावते. रोवणी आटोपत आली, मग मी दिवसभर घरीच राहीन.

तुम्ही उठू नका. आम्हाला तुमचं बाळ बघायचं आहे.

सरिता


चिचटोली
१९ ऑगस्ट २०२४

मनकर्णाकाकू,

जयभीम. मी सुगतची आई. टीना मॅडम तुमच्याकडे आमचं नाव काढत असतील. हे पाकीट तुमच्याच हाती द्यावं असं मी वर लिहिलं आहे. मॅडमना दाखवू नका.

माझा सुगत गेला. गुरुवारी, आठ तारखेला. खोकला छातीत उतरला, ताप आला. लाखांदूरला नेलं, तिथून भंडाऱ्याला न्यायला सांगितलं, पण वाटेत गाडीतच, माझ्या मांडीवर गेला. मला वाटलं झोपला. एवढी धावपळ झाली तर झोपेल ना पोरगा, म्हणून मी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितली. काकू, मी स्वतः गाडी हळू घ्यायला सांगितली.

परवा पुण्यानुमोदन झालं. सुगतचे वडील जीवन नागपूरला कामावर परत गेले. आता घरात मी आणि बाबा.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या गावात पोटुशी बाईच्या कानावर अशी गोष्ट घालत नाहीत. मयत झालेल्या घरासमोरूनही तिला नेत नाहीत. तुमच्याकडेही तसंच असेल. मॅडमचं दोन वेळचं मला माहीत आहे. दुसऱ्या वेळी त्या पंधरा दिवसांत कामावर आल्या होत्या, आणि सुगतला मांडीवर घेऊन पाठमोऱ्या बसून रडल्या होत्या. त्यांना आता कळू देऊ नका. केंद्रात मी कोणाला सांगितलेलं नाही, जीवनलाही गप्प राहायला सांगितलं आहे. त्यांच्याकडून फोनवर मॅडमपर्यंत जाईल म्हणून.

सरिता


आंबागड
२७ ऑगस्ट २०२४

सरिता पोरी,

तुझं पत्र गोठ्यात बसून वाचलं. टीनाच्या बाबांनाच तेवढं सांगितलं. ते दिवसभर जेवले नाहीत. मी सातवी शिकलेली, मला नीट लिहिता येत नाही. तुला काय लिहू तेही कळत नाही. स्वतःवर एवढा डोंगर कोसळला असताना तू माझ्या लेकीचा विचार केलास, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पण एक अडचण आहे. टीना रोज विचारते, सरिताताईंचं पत्र आलं का. पत्र पंधरा दिवसांवर गेलं तर तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही. काल म्हणाली, मंगेशला चिचटोलीला पाठवते. जावई साकोलीच्या दुकानातून सुटी काढून जायलाही तयार झाला, त्याला मी कसंबसं थांबवलं.

आईजवळ असं मागायला जीभ वळत नाही. तरी मागते. दोन ओळी लिहून पाठवशील का? बरा आहे, एवढंच. नोव्हेंबरपर्यंत. नाही जमलं तर लिहू नको, मी दुसरं काही करीन. तुझा राग मला समजेल.

मनकर्णा


चिचटोली
५ सप्टेंबर २०२४

टीना मॅडम,

जयभीम. पत्राला उशीर झाला. सुगतला खोकला होता, आता बरा आहे. पोळ्याला बाबांनी त्याला अंगणात बसवून बैल दाखवले. तो साठपर्यंत बसतो.

सरिता


आंबागड
२४ सप्टेंबर २०२४

सरिताताई,

साठ! एवढी मोठी बातमी तुम्ही शेवटच्या ओळीत ढकलून दिली. पत्र मी तीनदा वाचलं, मग माझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा उठून बाहेर निघून गेले. त्यांना आमच्या कामाचं काय कौतुक!

आता नीट ऐका. त्याच्यासाठी खुर्ची मागता येईल. पट्टे असलेली, पाय ठेवायला फळी, पुढे जेवणाची पाटी असते तशी. मागच्या वर्षी मी नाव पाठवलं होतं, पण मान पुरती ठरत नाही म्हणून मागे ठेवलं. साठ मोजेपर्यंत बसणाऱ्या मुलाला कोण नाही म्हणेल? यादी दहा ऑक्टोबरला बंद होते. फॉर्म मी इथेच भरते, मंगेश केंद्रात नेऊन देईल. तुम्ही फक्त नवीन मापं कळवा. सुतळ्या आहेतच, जूनच्या गाठीवर धरा, जेवढा वाढला असेल तिथे नवी गाठ मारा आणि तुमच्या सासऱ्यांच्या पट्टीने मोजून लिहा. माप चुकलं तर खुर्ची निरुपयोगी होते. शिवाय ती यायला चार-पाच महिने लागतात.

ताई, तो खुर्चीत बसून ताटासमोर येईल. तुम्हाला त्याला मांडीवर घेऊन जेवावं लागणार नाही. तुमच्या कमरेला किती दिवसांनी विसावा मिळेल.

टीना


चिचटोली
३ ऑक्टोबर २०२४

टीना मॅडम,

जयभीम. मापं अशी आहेत. पाठ साडेसतरा इंच, मांडी साडेतेरा, गुडघ्यापासून टाच साडेचौदा. सुगत ऐंशीपर्यंत बसतो. भात कालवून दिला तर चमचा स्वतः धरतो, निम्मा सांडतो. तुमचं पोट आता मोठं झालं असेल. कुशीवर झोपत जा.

सरिता


चिचटोली
३ ऑक्टोबर २०२४

मनकर्णाकाकू,

आज मॅडमना मापं पाठवली. तुम्हाला खरं सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आधी ठरवलं होतं की जूनचीच मापं लिहून द्यावी. सुतळ्या काढल्या, ओसरीत बसले. मॅडम आल्यापासून दर सहा महिन्यांनी एक गाठ आहे. बघितलं तर प्रत्येक गाठ मागच्यापेक्षा बोटभर पुढे. काकू, ज्याची मान ठरत नव्हती तो माझा पोरगा दर सहा महिन्यांनी बोटभर वाढत होता आणि मी कधी नीट पाहिलंच नाही. मी आपली रोवणी, निंदण, स्वयंपाक करत राहिले.

मग विचार केला, जूनपासून चार महिने झाले. खुर्ची यायला आणखी चार-पाच लागणार. तोवर तो किती वाढला असता? मी दोन बोटं पुढे धरून गाठ मारली. तिन्ही सुतळ्यांना. बाबा समोरच होते. त्यांनी पट्टी आणून दिली.

हे चूक आहे हे मला कळतं. सरकारी खुर्ची आहे, खेळ नाही. पण गाठ मारताना मला दोन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. म्हणूनच भीती वाटते.

सरिता


आंबागड
१४ नोव्हेंबर २०२४

सरिता,

सोमवारी मुलगी झाली. पावणेतीन किलो. टीना सुखरूप आहे. बाळ रडलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं.

सव्वा महिना होऊ दे. मग तू सांग, नाहीतर मी सांगते. तुला आता लिहायची गरज नाही, पोरी. तू खूप केलंस. आता तू तुझं रडून घे.

मनकर्णा


आंबागड
८ डिसेंबर २०२४

सरिताताई,

मुलीच्या पायाशी बसून लिहिते आहे. हात-पाय एवढे झाडते की मी नुसती बघत बसते. सुगतचे आखडलेले पाय सैल करायला आपल्याला किती महिने लागले, आणि ही काही न शिकवता झाडते. मग मला सुगतची आठवण येऊन अपराधी वाटतं. असं कोणाला सांगता येत नाही, तुम्हाला सांगते.

खुर्ची मंजूर झाली. फेब्रुवारीत येईल. मार्चमध्ये मी कामावर आले की पहिल्या गुरुवारी हिला घेऊन तुमच्याकडेच येणार. सुगत खुर्चीत बसून हिला बघेल. तुमचं पत्र फार दिवसांत नाही. सगळं ठीक ना?

टीना


चिचटोली
२४ डिसेंबर २०२४

टीना मॅडम,

जयभीम. मुलगी झाली, फार आनंद झाला. सगळं ठीक आहे. धान चुरणं, मळणी सुरू होती म्हणून लिहिता आलं नाही. सुगत आता शंभरपर्यंत बसतो. बाबांना मोजणीत लबाडी करावी लागत नाही. खळ्यावर त्याला तनसाच्या पेंढ्यावर बसवतो तेव्हा मूठभर धान हातात घेतो, सोडतो, पुन्हा घेतो. परवा "आई" म्हणाला. नऊ वर्षांत कधी म्हणाला नव्हता. मी स्वयंपाक करत होते, मागून ऐकू आलं. मी वळले नाही, वाटलं वळले तर पुन्हा म्हणणार नाही. मग पुन्हा म्हणाला. थंडी पडली म्हणून त्याला लाल स्वेटर घातला आहे, बाह्या आखूड झाल्या. खुर्ची आली की चुलीजवळ ठेवायची, तिथून त्याला दारही दिसेल आणि मीही.

सरिता


आंबागड
४ जानेवारी २०२५

सरिता,

तुझं पत्र मी फोडलं. टीनाला दिलं नाही. तांदळाच्या कोठीमागे ठेवलं आहे.

आधीची पत्रं तू माझ्या लेकीसाठी लिहिलीस. दोन-दोन ओळींची. हे पानभर पत्र कोणासाठी लिहिलंस? बाळंतीण उठली, सव्वा महिना झाला, तुला कोणी मागितलं नव्हतं. पोरी, मी तुला दोष देत नाही. या वाटेवर मीच तुला पाठवलं, तो दोष माझा. पण आता परत फिर. मार्चमध्ये टीना मुलीला कडेवर घेऊन तुझ्या दारात येईल, तेव्हा काय दाखवशील?

मी सांगू शकते. पण ते तुझ्याकडून जावं असं वाटतं. तो तुझा आहे.

मनकर्णा


चिचटोली
१९ फेब्रुवारी २०२५

टीना मॅडम,

जयभीम. आज दुपारी खुर्ची आली. भूपेंद्र नावाचा माणूस पिकअप घेऊन आला होता. निळ्या रंगाची आहे, पट्टे काळे. त्याने अंगणात मांडली, कागदावर माझी सही घेतली आणि म्हणाला, "पोराले आणा ना जरा. बसलेला फोटो लागते. फोटो नाही तं खुर्ची वापस न्या लागते."

मी म्हटलं, तो झोपला आहे.

तो म्हणाला, थांबतो. मी चहा केला. त्याने चहा प्यायला. मी पुन्हा म्हटलं, उठेल आता. मॅडम, मी आत गेले, रिकाम्या खाटेजवळ उभी राहिले आणि बाहेर आले. असं दोनदा केलं. अर्धा तास तो बिचारा खुर्चीजवळ उभा होता. मग बाबा काठी टेकत अंगणात आले आणि त्याला म्हणाले, "पोरगा नाही आमचा. पोळ्याच्या आधीच गेला. सून उगीच म्हणून राहिली."

भूपेंद्रने टोपी काढली. खुर्ची घडी करून गाडीत ठेवली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

सुगत आठ ऑगस्टला गेला. गुरुवार होता. छातीत कफ झाला. जुलैचं पत्र खरं होतं, चाळीस खरे होते. त्यानंतर मी लिहिलेलं सगळं खोटं. साठ, ऐंशी, चमचा, सगळं. मापं मी जूनच्या गाठीपुढे दोन बोटं धरून लिहिली. डिसेंबरचं एक पत्र तुमच्या आईंनी कोठीमागे ठेवलं आहे. ते हवं तर वाचा. त्यात तो मला आई म्हणाला असं लिहिलं आहे. तो कधी म्हणाला नाही.

सुरुवात तुमच्यासाठी केली होती. नंतर पत्र लिहायला बसले की तो थोडा वेळ घरात असायचा. तेवढ्यासाठी लिहीत राहिले. माफ करा असं लिहायलाही तोंड नाही.

सरिता


लाखांदूर
१६ मार्च २०२५

सरिताताई,

उत्तराला महिना लागला. मला आधी राग आला. आईशी दोन दिवस बोलले नाही. तुम्ही त्याला मातीत ठेवलंत त्याच्या पुढच्या महिन्यात मी खाटेवर पडून "साठ" वाचून हसत होते. ते हसणं मला सोसत नाही. आणि कफाचं. मी जुलैत तिथे असते तर छातीला कान लावून मला ऐकू आलं असतं. मी दर गुरुवारी लावायचे. हे डोक्यातून जात नाही.

मग डिसेंबरचं पत्र मागून घेतलं. मुलीला पाजताना वाचलं. त्यानंतर राग राहिला नाही.

सोमवारी कामावर रुजू झाले. सुगतचं नाव कमी करायचं काम माझंच होतं. नोंदवहीतल्या साठ आणि ऐंशीवर रेघ मारली. जुलैचे चाळीस तसेच ठेवले. ते त्याने स्वतः मिळवलेले आहेत. बाबांचे सत्तर लिहिले नव्हते, नाहीतर तेही खोडावे लागले असते.

खुर्ची केंद्रात पडून होती. पलीकडच्या टोलीवरच्या वस्तीतली आनंदाबाईंची नात रीना यंदा माझ्या यादीत आली. आठ वर्षांची आहे, तीही अशीच. तिची मापं सुतळीने घेतली. मांडी आणि पाय दोन्ही थोडे कमी भरतात, पण पुढच्या वर्षापर्यंत ती त्या खुर्चीएवढी होईल. फक्त पाठीमागे दोन बोटं जागा राहते. तिथे घडी घालून ठेवायला काही मऊ लागेल. बाजारातली उशी मी बघितली, ती घसरते.

सुगतच्या पाठीमागे तुम्ही जी गोधडी लावायच्या, ती तुमच्याकडे आहे का? मागायला मलाही जीभ वळत नाही. नाही म्हणालात तरी चालेल.

टीना


चिचटोली
२२ मार्च २०२५

टीना मॅडम,

जयभीम. कफाचं मनात ठेवू नका. त्या आठवड्यात मी रोज कान लावत होते. मलाही ऐकू येत होतं. ऐकू येऊनही झालं ते झालं.

गोधडी आहे. पाठवत नाही, येत्या गुरुवारी अकराच्या एसटीने घेऊन येते. तिची घडी कशी घालायची ते त्या पोरीच्या आजीला दाखवावं लागेल, एक बाजू जाड आहे, ती खाली ठेवायची. रीनाला बसवाल तेव्हा मीच मोजीन. बाबाही येतो म्हणतात, पण त्यांना मोजायला देऊ नका.

तुमच्या मुलीला आणा. मला तिला बघायचं आहे.

गोधडी ऑगस्टपासून धुतलेली नाही. त्याच्या खाटेवर तशीच होती, मी कोणाला हात लावू दिला नाही. उद्या सकाळी तळ्यावर नेऊन धुते. ऊन चांगलं आहे, दिवसभरात वाळेल.

सरिता